आपल्या लखनौतले पंडित भातखंडे

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० चा, मुंबईत वाळकेश्वरला. त्या दिवशी गोकुळाष्टमी होती. त्यांचे निधन १९ सप्टेंबर १९३६ रोजी मुंबईतच झाले आणि त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. म्हणजे ज्या दिवशी आपण बाप्पांची मूर्ती मखरात बसवतो, तोच या विद्येच्या उपासकाचा स्मृतिदिन. लखनौत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना ही गोष्ट ठाऊक असावी, म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हा विषय निवडला.

लखनौत ‘भातखंडे’ हे नाव सर्वांच्या तोंडी आहे. चारबागला ई-रिक्षावाल्याला नुसते ‘भातखंडे’ म्हटले तरी तो बरोबर कैसरबागेत आणून सोडतो. मात्र हे एका माणसाचे आडनाव आहे, तो माणूस मुंबईचा वकील होता, आणि साठी ओलांडल्यावर त्याने या शहरात गाण्याचे कॉलेज काढले, हे रिक्षावाल्याला माहीत असतेच असे नाही. खरे सांगायचे तर आपल्यापैकी पुष्कळांनाही माहीत नसते.

मी रेल्वेतला माणूस. सिव्हिलचा डिप्लोमा करून पर्मनंट वे मध्ये, म्हणजे रुळांच्या देखभालीच्या खात्यात लागलो. वयाची चाळिशी उलटली, चार-पाच बदल्या झाल्या आणि सध्या मुक्काम लखनौ. गाण्याचे शास्त्र मी शिकलेलो नाही. ऐकण्याची आवड मात्र आहे. मुलगी गाणे शिकू लागली, तिच्या वहीत स्वरांखालच्या रेघा आणि वरचे ठिपके पाहिले, आणि हे सगळे कोणी ठरवले असेल असा प्रश्न पडला. मग सुट्टीच्या दिवशी भातखंड्यांशी संबंधित जागा पाहत हिंडू लागलो. पाहिले ते आणि वाचले ते, असे दोन्ही इथे एकत्र मांडतो.

चारबाग स्थानक

कोणी म्हणेल, स्टेशनचा आणि संगीताचा काय संबंध? माझ्या मते फार मोठा आहे. भातखंड्यांचे निम्मे काम रेल्वेच्या डब्यात बसून झाले असे म्हटले तर वावगे होऊ नये.

त्यांचे शिक्षण मुंबईत, एल्फिन्स्टन कॉलेजात. १८८५ मध्ये बी. ए. आणि १८८७ मध्ये एल्‌एल. बी. झाल्यावर ते वकिली करू लागले. काही काळ कराचीलाही होते. गाण्याचा नाद मात्र विद्यार्थिदशेपासूनच होता. वल्लभदास दामुलजी यांच्याकडे ते सतार शिकले. १८८४ च्या सुमारास ते ‘गायन उत्तेजक मंडळी’ या पारशी गृहस्थांनी चालवलेल्या संस्थेत दाखल झाले. तिथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून शेकडो धृपदे आणि इतर उस्तादांकडून ख्याल त्यांनी कंठस्थ केले. दिवसा कोर्ट आणि संध्याकाळी गाणे, असा त्यांचा क्रम होता.

मग घरावर घाला आला. १९०० साली पत्नी गेली आणि १९०३ साली एकुलती मुलगी गेली. वय त्रेचाळीस. एवढ्या आघातानंतर माणूस एक तर खचतो, नाही तर स्वतःला एखाद्या कामात पूर्णपणे झोकून देतो. भातखंड्यांनी दुसरी वाट धरली. वकिली हळूहळू कमी करत १९१० च्या सुमारास त्यांनी ती बंदच केली. पुन्हा संसार मांडला नाही. राहिलेले आयुष्य त्यांनी एका प्रश्नामागे घालवले: आपले हिंदुस्थानी संगीत नेमक्या कोणत्या नियमांवर उभे आहे?

प्रश्न साधा वाटतो, पण त्या काळी त्याचे उत्तर कोणापाशीच नव्हते. गायक गात होते आणि उत्तम गात होते. परंतु एकाच रागाचे स्वर एका घराण्यात एक तर दुसऱ्यात वेगळे. विचारायला जावे तर आमच्या गुरूंनी असेच सांगितले, एवढेच उत्तर. जुने संस्कृत ग्रंथ होते, पण त्यांतले राग आणि गाण्यातले राग यांचा मेळ बसत नव्हता. ग्रंथ जाणणाऱ्याला गाता येत नसे आणि गाणाऱ्याला ग्रंथ वाचता येत नसे.

तेव्हा त्यांनी आगगाडी धरली. १८९६ मध्ये गुजरात-काठेवाडचा एक दौरा झालाच होता. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले. १९०७ मध्ये नागपूर, हैदराबाद, विजयानगरम, कलकत्ता, पुरी. १९०८ मध्ये जबलपूर, अलाहाबाद, बनारस, गया, मथुरा, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर, उदयपूर. ही नावे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर त्या काळचा रेल्वेचा नकाशा येतो. ब्रॉडगेज एका कंपनीची, मीटरगेज दुसरीची. गेज बदलला की हमालाच्या डोक्यावर सामान देऊन गाडी बदलायची. अशा प्रवासात प्रश्नांचे कागद आणि डायरी घेऊन हा माणूस गावोगावी उतरत होता. राजवाड्यातले ग्रंथालय कुठे, जुनी हस्तलिखिते कोणाकडे, नामांकित गवई कोण, याची चौकशी करायची, भेटायचे, विचारायचे आणि रात्री मुक्कामावर सगळे लिहून काढायचे.

दक्षिणेच्या दौऱ्याचा लाभ मोठा झाला. एट्टयपुरमला त्यांना सुब्बराम दीक्षितर भेटले. कर्नाटक संगीताचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा त्यांचा प्रचंड ग्रंथ त्याच वर्षी, १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेला. व्यंकटमखी यांच्या सतराव्या शतकातल्या ‘चतुर्दंडी प्रकाशिका’ या ग्रंथातली ७२ मेळांची रचना भातखंड्यांनी तिथे अभ्यासली. सप्तकातल्या बारा स्वरांतून हिशेबाने किती मेळ होतात आणि प्रत्येक राग त्यांतल्या कोणाच्या घरात बसतो, याचे ते कोष्टकच आहे. दक्षिणेकडे अशी व्यवस्था आहे, मग उत्तरेकडे का नसावी, हा विचार घेऊन ते परतले. पुढे त्यांनी उत्तरेचे राग दहा थाटांत बसवले: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. आज लखनौपासून लातूरपर्यंत पहिल्या परीक्षेला बसणारे प्रत्येक मूल ही दहा नावे पाठ करते.

विद्या देणारे आणि न देणारे

नियम सांगायचे तर पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे बंदिशी. त्या होत्या उस्तादांच्या कंठात. खानदानी गवई आपली खास चीज सहसा परक्याला देत नसत, आणि यात त्यांचा दोषच होता असे मला वाटत नाही. त्यांच्याकडे ना जमीन ना दुकान. विद्या हीच त्यांची इस्टेट. ती वाटून टाकली तर मुलाबाळांनी खायचे काय? पण याची दुसरी बाजूही होती. एखादा म्हातारा उस्ताद निपुत्रिक गेला की त्याच्याबरोबर शेकडो बंदिशी मातीत जात.

आमच्या खात्यातले उदाहरण देतो. नोकरीच्या सुरुवातीला माझ्या सेक्शनमध्ये एक जुना की-मॅन होता. रोज हातोडी घेऊन आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासायचा आणि चावीवर ठोका मारून नुसत्या आवाजावरून सांगायचा की ही ढिली आहे. आम्ही डिप्लोमावाले मापे घेऊन जे शोधायचो, ते तो कानाने शोधत असे. तो निवृत्त झाला आणि त्याचा कान त्याच्याबरोबर घरी गेला. कोणी लिहून ठेवले नव्हते, आणि लिहिता आले असते का, हाही प्रश्नच आहे. भातखंड्यांपुढे हाच प्रश्न शेकडो पटींनी मोठा होऊन उभा होता.

त्यांनी तो धीराने सोडवला. जयपूरच्या महंमद अली खाँ कोठीवाले यांच्या घराण्यातल्या बंदिशी त्यांना खाँसाहेबांचे चिरंजीव आशिक अली यांच्याकडून मिळाल्या. त्यासाठी त्यांनी तेव्हा नवीनच असलेल्या फोनोग्राफचाही उपयोग केला. मुलाने घरची ठेव बाहेर दिल्याचे कळल्यावर वडील रागावले, पण भातखंड्यांनी त्यांचे शिष्यत्व पत्करल्यावर तेही निवळले, असे सांगतात. ग्वाल्हेरच्या परंपरेतल्या चिजा त्यांना एकनाथ पंडित यांनी दिल्या. रामपूरला तर त्यांनी रीतसर नवाब हमीद अली खाँ यांचे शागीर्द होणे स्वीकारले. तानसेनाच्या परंपरेतले वजीर खाँ रामपूरच्या दरबारात होते, आणि त्या दरवाजातून आत जाण्याचा हाच मार्ग होता. मुंबईचा पदवीधर वकील, पन्नाशीच्या आसपासचे वय, स्वतः ग्रंथकार. तरी शिष्य म्हणून हात जोडून उभे राहण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही.

मिळालेल्या बंदिशी कागदावर उतरवण्यासाठी त्यांनी स्वरलिपी बसवली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली ठिपका, तार सप्तकाला वर ठिपका, समेला फुली, खालीला शून्य. कोणत्याही देवनागरी छापखान्यात जुळवता येतील अशा या खुणा. माझ्या मुलीच्या वहीतल्या रेघाठिपक्यांचे मूळ हे असे आहे.

सफेद बारादरी

चारबागहून कैसरबागेत आलो की पहिली पाहण्यासारखी जागा म्हणजे सफेद बारादरी. नवाब वाजिद अली शाह यांनी १८४८ ते १८५० च्या सुमारास कैसरबाग उभारली. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केले आणि नवाबांना कलकत्त्याला पाठवले. १८५७ च्या लढाईनंतर कैसरबागेचा मोठा भाग पाडला गेला. जे उरले त्यांत लाखी दरवाजे आणि ही बारादरी. ती पुढे अवधच्या तालुकदारांच्या संस्थेकडे गेली. कमानीवरची मत्स्यचिन्हे मुलांना जरूर दाखवावीत. अवधच्या राज्याची ती खूण.

तालुकदारांचे नाव घेण्याचे कारण असे, की भातखंड्यांचे लखनौतले काम या जमीनदार मंडळींच्या आश्रयाने उभे राहिले. आधीची हकीकत थोडक्यात सांगतो. देशभरच्या गवयांना आणि जाणकारांना एका मांडवाखाली आणून रागांचे नियम चर्चेने ठरवावेत, म्हणून त्यांनी अखिल भारतीय संगीत परिषदा भरवल्या. पहिली १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्याला, दुसरी १९१८ मध्ये दिल्लीला, तिसरी १९१९ मध्ये बनारसला. बडोद्याच्या परिषदेपासून त्यांचे एक स्वप्न होते: संगीताची एक राष्ट्रीय अकादमी. संस्थानिकांची आश्वासने मिळाली, ठराव झाले, पण अकादमी काही उभी राहिली नाही. साठी उलटली होती. ग्रंथ झाले होते, शिष्य होते, ग्वाल्हेरला १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने माधव संगीत विद्यालयही सुरू झाले होते. तिथल्या शिक्षकांना त्यांनी स्वतः तयार केले होते. राजाभैया पूछवाले हे त्यांपैकीच. पण मनातली अकादमी कागदावरच राहिली.

अशा वेळी लखनौने हात पुढे केला. दरियाबादच्या तालुकदार घराण्यातले राय उमानाथ बली हे संगीताचे मोठे शौकीन, आणि त्याच घराण्यातले राय राजेश्वर बली तेव्हा संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री. १९२४-२५ च्या सुमारास चौथी आणि पाचवी संगीत परिषद लखनौत झाली. आणि यावेळी ठराव कागदावर थांबले नाहीत.

परीखाना

१९२६ मध्ये कॉलेज सुरू झाले. गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले आणि नावही त्यांचेच दिले गेले: मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्थानी म्युझिक. आज ही संस्था कैसरबागेतल्या परीखान्यात आहे. वाजिद अली शाहांच्या काळी इथे त्यांच्या ‘पऱ्या’ नाचगाणे शिकत. नवाबाच्या करमणुकीची ही जागा पुढे सामान्य घरांतल्या मुलामुलींची शाळा झाली. पंचवीस-तीस रुपयांच्या कारकुनाच्या मुलीनेही उजळ माथ्याने गाणे शिकावे, असे वातावरण या देशात तयार करणाऱ्यांत भातखंडे आणि दुसरे विष्णु, म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर, ही दोन नावे पहिली. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले होते. दोघेही मराठी, आणि दोघांनीही आपले मोठे काम महाराष्ट्राबाहेर येऊन केले, हे आपल्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पहिले प्राचार्य माधवराव जोशी. १९२८ पासून भातखंड्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर प्राचार्य झाले. ते मुंबईचे पदवीधर, आणि बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर उस्ताद फैयाज खाँ यांच्याकडे शिकलेले. गुरूने हाक मारली म्हणून ऐन तारुण्यात लखनौला आले आणि जवळजवळ तीस वर्षे इथेच राबले. मैफली करून नाव आणि पैसा मिळवता आला असता. इथे पैशांची ओढाताण नेहमीचीच. सरकारी अनुदान तुटपुंजे, देणगीदारांचा भरवसा नाही. लखनौच्या कडक थंडीत आणि त्याहून कडक उन्हाळ्यात या मंडळींनी वर्ग बंद पडू दिले नाहीत.

भातखंडे स्वतः मुंबईहून लखनौला येत, वर्ग तपासत, परीक्षा घेत, शिक्षकांना शिकवत. शिक्षक निवडताना त्यांनी स्थानिक परंपरेला मान दिला. लखनौ घराण्याचे खलिफा आबिद हुसेन खाँ तबला शिकवत, सखावत हुसेन खाँ सरोद शिकवत. पुढे व्हायोलिनचे व्ही. जी. जोग आणि कथ्थकचे मोहनराव कल्याणपूरकर याच संस्थेत शिकवू लागले.

विद्यार्थ्यांची नावे ऐकली तर परीखान्यासमोर दोन मिनिटे थांबावेसे वाटेल. एस. सी. आर. भट, के. जी. गिंडे, चिदानंद नगरकर, दिनकर कैकिणी, सुमती मुटाटकर, चिन्मय लाहिरी. गिंडे तर बेळगावकडून लहान वयातच रातंजनकरांच्या घरी येऊन राहिले. चित्रपटसंगीताच्या चाहत्यांसाठी सांगतो: संगीतकार रोशन इथले, आणि आपल्या लखनौचेच तलत महमूद हेही इथले. श्रीलंकेचे थोर गायक अमरदेव इथे शिकून गेले. मुंबईच्या एका वकिलाच्या डायरीतून निघालेला झरा कुठवर गेला पाहा.

कैसरबागेतच राय उमानाथ बली प्रेक्षागृह आहे. नाटकाला वा कार्यक्रमाला आपण तिथे अनेकदा गेलो असू. ते कोणाचे नाव, हे आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. तिथून कालका-बिंदादीन महाराजांची ड्योढीही फार लांब नाही. कथ्थकच्या लखनौ घराण्याचे ते घर, तेही पाहून घ्यावे.

हाथरसची पुस्तके

भातखंड्यांचे एक स्मारक शहरात सापडत नाही, ते पुस्तकांच्या कपाटात असते. ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ त्यांनी ‘चतुर पंडित’ या टोपणनावाने लिहिला. बंदिशींतही ते स्वतःला ‘चतुर’ किंवा ‘हररंग’ म्हणवून घेत. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात आहेत. ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग, आणि त्यांत सुमारे अठराशे बंदिशी स्वरलिपीसह. मित्र भालचंद्र सुकथनकर यांनी प्रकाशनाचा भार उचलला. पुढे आपल्या उत्तर प्रदेशातल्या हाथरसच्या संगीत कार्यालयाने यांची हिंदी रूपे काढली आणि ती गावोगाव पोचली. मूळ ग्रंथ मराठीत असल्याने सगळी संज्ञा-चर्चा आधी आपल्या भाषेत झाली, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा. पण हिंदीत आली नसती तर ती एवढी पसरली नसती, हेही तितकेच खरे.

आक्षेप

भातखंड्यांवर टीका त्यांच्या हयातीतही झाली आणि आजही होते. ती झाकून ठेवणे मला पटत नाही. दहा थाटांत सगळे राग नीट बसत नाहीत, काही ओढूनताणून बसवावे लागतात, असे अनेक जाणकार म्हणतात. उस्तादांविषयी, विशेषतः त्यांच्या ग्रंथज्ञानाविषयी, त्यांनी कठोर लिहिले आणि ज्यांच्याकडून घेतले त्यांना पुरते श्रेय मिळाले नाही, असा आक्षेप अलीकडच्या अभ्यासकांनी घेतला आहे. शाळेत वर्ग भरवून गवई तयार होत नाही, हाही जुना आक्षेप आहे.

माझे मत एका साध्या तंत्रज्ञाचे मत म्हणून घ्यावे. ड्रॉइंग म्हणजे रूळ नव्हे. नकाशावर वळण कितीही बरोबर काढले तरी शेवटी गँगमनच्या हाताला आणि की-मॅनच्या कानाला पर्याय नाही. तसेच स्वरलिपीतून मींड, आंदोलन, गळ्याची तऱ्हा उतरत नाही. त्यासाठी गुरूसमोर बसावेच लागते. पण पूर आला, पूल वाहून गेला, माहीतगार माणूस गेला, की मग ड्रॉइंगच हाताशी येते. भातखंड्यांनी ते ड्रॉइंग करून ठेवले. काही ठिकाणी मापे चुकली असतील, ती पुढच्यांनी दुरुस्त करावीत. मुळात कागदच नसता, तर दुरुस्ती कशाची करणार होतो?

उस्तादांच्या श्रेयाचा मुद्दा मात्र मला वजनदार वाटतो. क्रमिक पुस्तकातली चीज गाताना ती मूळ कोणत्या घराण्यातून आली याची आठवण ठेवणे, हे आपल्या हातात आहे.

अखेर

१९३३ मध्ये त्यांना अर्धांगवायू झाला, मांडीचे हाडही मोडले. नंतरची तीन वर्षे अंथरुणावर गेली. जो माणूस पंचवीस-तीस वर्षे गाडीत बसून देश पालथा घालत होता, त्याला खोलीबाहेर जाणे अशक्य झाले. लिखाणाचे काम तरी मनातून सुटले नाही. क्रमिक मालिकेचे शेवटचे दोन भाग त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ मध्ये बाहेर आले. पदरी मूलबाळ नाही, इस्टेट नाही. मागे राहिली ती पुस्तके, काही शिष्य आणि लखनौचे कॉलेज.

ते कॉलेज टिकले. १९६६ मध्ये राज्य सरकारने ते ताब्यात घेतले आणि संस्थापकाचे नाव दिले. २००० मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ते भातखंडे संस्कृति विश्वविद्यालय झाले. १९६१ मध्ये टपाल खात्याने भातखंड्यांचे तिकीटही काढले होते. इंग्रज गव्हर्नरांचे नाव आता जुन्या माणसांच्या बोलण्यातच उरले आहे.

वाचकहो, हा सगळा फेरफटका एका सकाळचा आहे. थंडीच्या दिवसांत रविवारी चारबागहून निघावे, लाखी दरवाजा, सफेद बारादरी, परीखाना आणि प्रेक्षागृह असे पायी पाहावे. शक्य तर कामाच्या दिवशी परीखान्याच्या बाजूने जावे; इमारतीतून तंबोरे आणि घुंगरांचे आवाज येतात, ते कोणत्याही पाटीपेक्षा जास्त सांगतात. मुलांना बरोबर न्यावे.

आणखी एक विनंती. आपल्यापैकी कोणाच्या घरी आजी-आजोबांच्या वेळची क्रमिक पुस्तके, कॉलेजातल्या वह्या वा हाताने उतरवलेल्या बंदिशी असतील, तर त्या रद्दीत घालू नयेत. उत्सवाच्या दहा दिवसांत त्या मंडपात घेऊन याव्यात. आपण त्या एका टेबलावर मांडू, जाणकारांकडून वाचून घेऊ, आणि गाणाऱ्यांकडून एखादी दुसरी चीज बाप्पांपुढे गाऊनही घेऊ.

गणपती बाप्पा मोरया!